आधी परवाना, मग कोर्स: नोकरी सांभाळून इलेक्ट्रिशियन होणाऱ्यांचे प्रश्न

नोकरी सोडता येत नाही, पण हातात वायरिंगचं काम यावं आणि पुढे तोच धंदा व्हावा, अशी इच्छा असलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहेत.

प्रश्न: वय ३४. चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासणीत आहे, पाळ्या फिरत्या आहेत. बारावी कला शाखेतून झाली आहे. ‘तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन’ अशी जाहिरात पाहिली. हा कोर्स लावू का?

आज पैसे भरू नका. आधी परवान्याची बाजू समजून घ्या, मग कोर्स निवडा.

घर असो, दुकान असो की कारखाना, वायरिंगचं नवं काम, वाढीव पॉइंट किंवा फेरबदल हे अनुज्ञप्तीधारक (लायसन्स असलेल्या) विद्युत ठेकेदारानेच घ्यायचे असतात. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक लागतो आणि हाताने काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना लागतो. ही तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ व्या क्रमांकावर होती. पुढे ती केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत आली आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही कायम आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच अशा गोष्टी जशाच्या तशा बदलणं एवढंच यातून वगळलेलं आहे. म्हणजे शेजाऱ्याकडे पंखा बदलून देणं चालतं, पण एसीसाठी नवी लाइन ओढणं परवान्याशिवाय चालत नाही.

म्हणून कोणत्याही कोर्सवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: ‘या प्रमाणपत्रावर तारतंत्री परवान्याच्या अर्जात मला काय मिळेल?’ उत्तर तोंडी घेऊ नका. विद्युत निरीक्षकाच्या जिल्हा कार्यालयात जा, प्रमाणपत्राचा नमुना दाखवा आणि तो ग्राह्य आहे का ते विचारा. अर्ध्या दिवसाची रजा पडेल, पण वर्ष वाचेल. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये हात थोडा वळतो, हे खरं. पण त्या कागदावर परवाना मिळेल असं गृहीत धरणाऱ्यांची फसगत होते.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली आयटीआय. ‘विजतंत्री’ (इलेक्ट्रिशियन) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला दहावीला विज्ञान व गणित असावं लागतं, त्यामुळे तुमची बारावीची कला शाखा आड येत नाही. ‘तारतंत्री’ हाही दोन वर्षांचाच, त्याची शिक्षणाची अट हलकी आहे. वयाला वरची मर्यादा नाही. अडचण हजेरीची आहे. ८० टक्के हजेरी लागते आणि फिरत्या पाळीत ती भरत नाही. काही संस्थांत दोन पाळ्यांत वर्ग चालतात. तुमच्या जवळच्या संस्थेत दुपारची तुकडी असेल आणि कंपनी दोन वर्षं एकच पाळी लेखी द्यायला तयार असेल, तरच ही वाट धरा. सुपरवायझरच्या तोंडी शब्दावर प्रवेश घेऊ नका. तो बदलला की दुसऱ्या वर्षी तुमची हजेरी बुडालीच. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात, त्यामुळे पाळीची बोलणी एप्रिलमध्येच उरकून घ्या.

दुसरी वाट खासगी उमेदवाराची. या क्षेत्रातला अनुभव दाखवून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला (आयटीआयच्याच अंतिम परीक्षेला) बाहेरून बसता येतं. अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात नीट वाचा, कारण त्या बदलत असतात.

तिसरी वाट तुमच्या कंपनीतच आहे, आणि आमच्या मते तुम्ही इथूनच सुरुवात करावी. कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स खातं असणारच. तिकडे बदली मागा. पगार तोच राहतो, पाळी तीच राहते आणि आठ तास मोटर, स्टार्टर, पॅनेल, केबल यांतच जातात. रविवारी साइटवर जाऊन जे वर्षात दिसेल, ते मेंटेनन्समध्ये दोन महिन्यांत दिसतं. बदली होत नसेल, तर एखाद्या अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराकडे सुटीच्या दिवशी मदतनीस म्हणून जा. सुरुवातीला झिरी मारणं (पाइपासाठी भिंतीत खाच पाडणं), पाइप टाकणं, स्प्रिंगने वायर ओढणं हीच कामं मिळतील. ती मनापासून करा. पाइपातून वायर ओढताना कुठे अडते आणि का अडते, हे कळलं की पुढे फॉल्ट कुठे शोधायचा तेही कळतं.

अनुभवाचा दाखला पहिल्या महिन्यापासून डोक्यात ठेवा. तो ठेकेदाराच्या लेटरहेडवर असावा. त्यावर अनुज्ञप्ती क्रमांक, कामाचा कालावधी तारखांसह आणि कामाचं स्वरूप हवं. ‘अमुक आमच्याकडे काम करत होते’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याने अर्ज परत येतो. दर सहा महिन्यांनी दाखला घेत चला, कारण पाच वर्षांनी तो ठेकेदार भेटेलच असं नाही. आणखी एक, कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेर मोबदला घेऊन काम करायला मनाई आहे का, ते बघा.

रात्रपाळी करून सकाळी थेट साइटवर जाऊ नका. डुलकी आलेल्या माणसाकडून स्क्रू ढिला राहतो, ‘मेन बंद केला होता ना?’ हे आठवत नाही, आणि या धंद्यात तेवढं पुरतं. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त वही-पुस्तक, सकाळच्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सराव आणि सुटीला साइट, अशी विभागणी निभते.

प्रश्न: घरी सराव करायचा आहे. धोका न पत्करता काय काय करता येईल? सामान किती लागेल? (सातारा)

एक सराव फळी बनवा. १८ मि.मी. प्लायवूडचा ३ फूट बाय २ फूट तुकडा घ्या. त्यावर आठ मॉड्यूलचा छोटा डीबी (एमसीबी बसवायची पेटी) बसवा. डीबीत १६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच), २५ अँपिअर ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) आणि तीन सिंगल पोल एमसीबी (६, ६ आणि १०) मावतात. शिवाय चार वन-वे आणि चार टू-वे स्विच, एक ६ अँपिअरचा आणि एक १६ अँपिअरचा सॉकेट, तीन बॅटन होल्डर, एक सीलिंग रोझ. दीड चौरस मि.मी.ची वायर लाल व काळी प्रत्येकी १५ मीटर, हिरवी ५ मीटर. पाऊण इंची केसिंग-कॅपिंगच्या चार पट्ट्या. वायर आयएस ६९४ चा शिक्का असलेली घ्या. स्वस्त वायरीत तांबं कमी भरतं आणि सरावातच चुकीची सवय लागते.

दुकानात अजून जुन्या भाषेत ‘३/२२ द्या’ म्हणतात. ३/२२ म्हणजे २२ गेजचे तीन धागे, साधारण १.२ चौरस मि.मी. तांबं. ७/२० म्हणजे २० गेजचे सात धागे, साडेचारच्या थोडं वर. जुन्या मिस्त्रींबरोबर काम करताना हा हिशेब लागतो.

आता महत्त्वाचं. फळीला थेट वीज द्यायची नाही, फेजच्या (वीज आणणाऱ्या वायरच्या) वाटेत सिरीज दिवा घालायचा. म्हणजे भिंतीतून येणारी फेज आधी जुन्या पद्धतीच्या, तारेच्या १०० वॅटच्या बल्बमधून जाईल आणि मग फळीवर येईल. एलईडी इथे चालत नाही. २३० व्होल्टला १०० वॅटचा बल्ब जास्तीत जास्त ०.४३ अँपिअर जाऊ देतो. फळीवर शॉर्ट झाला तर ठिणगी उडत नाही, एमसीबी पडत नाही, फक्त हा बल्ब पूर्ण उजळतो. तो पूर्ण पेटला की समजा, फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) कुठेतरी थेट भिडले आहेत. फळीवर ६० वॅटचा तारेचा दिवा लावला तर दोन्ही मंद जळतात. मात्र सिरीज दिवा उपकरणाला वाचवतो, माणसाला नाही. फेजला हात लागला तर झटका तेवढाच जीवघेणा असतो. म्हणून फळी ज्या सॉकेटला लावाल त्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे, आणि घरात दुसरं माणूस जागं असताना सराव करा.

क्रम असा ठेवा: एक स्विच एक दिवा, दोन दिवे आधी सिरीजमध्ये, मग पॅरललमध्ये, जिन्याचं वायरिंग, म्हणजे दोन टू-वे स्विच आणि एक दिवा, मग गोडाऊन वायरिंग, ज्यात पुढे जाताना पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो, शेवटी सॉकेट आणि डीबी. सोबत जॉइंट करा: मॅरीड, टी, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. घरगुती कामात ते फारसे लागत नाहीत, पण आयटीआयच्या अभ्यासक्रमात आहेत.

प्रत्येक जोडणी आधी बिनविजेची तपासा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट अखंड आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून स्विच चालू-बंद करा आणि वाट जुळते का बघा. मगच वीज द्या.

नवशिक्याच्या हातून बिघडतं ते बहुतेक वायर सोलताना. टर्मिनलसाठी ८ ते १० मि.मी. सोलणं पुरतं. ब्लेडने गोल फिरवून सोललं की दोन-तीन धागे कापले जातात. वरून दिसत नाही, पण उरलेल्या धाग्यांतून तेवढाच करंट जातो आणि तिथेच वायर तापते. स्ट्रिपर वापरा आणि सोललेलं टोक वाकवून बघा, धागा गळून पडला तर टोक कापून पुन्हा सोला. उलट चूक म्हणजे इन्सुलेशन टर्मिनलच्या आत जाणं. स्क्रू घट्ट लागतो, पण तांब्यावर नाही, प्लॅस्टिकवर. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघायची सवय लावा.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे स्विच न्यूट्रलमध्ये पडणं. दिवा लागतो, विझतो, सगळं बरोबर वाटतं. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये फेज जिवंत असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. घरात एलईडी बंद केल्यावरही अंधारात मिणमिणत असेल, तर पहिला संशय याचाच घ्या. सॉकेटसमोर उभं राहिल्यावर मोठं भोक वर म्हणजे अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. हे पाठ नको, हाताला यायला हवं.

प्रश्न: सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टरचा दिवा लागतो. दोन फेज आल्या का? (परभणी)

नाही. बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेली असते. त्या लाइनवर कुठला तरी दिवा किंवा पंखा चालू ठेवलेला असतो. फेज त्यातून पलीकडे जाते, पण परतीची वाट तुटल्यामुळे न्यूट्रलच्या वायरवर उभी राहते. त्या लाइनवरचे सगळे स्विच बंद करा आणि प्लग काढा. न्यूट्रलच्या भोकातला टेस्टर विझला तर निदान पक्कं. ढिला जॉइंट शेवटचा चालू पॉइंट आणि पहिला बंद पॉइंट यांच्या मध्ये असतो. पण संपूर्ण घरात व्होल्टेज वर-खाली होत असेल, काही दिवे मंद आणि काही भगभगीत असतील, तर थ्री-फेज जोडणीची मुख्य न्यूट्रल सुटली आहे. तेव्हा उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळ दाब येऊ शकतो. मेन पाडा आणि महावितरणला कळवा. मीटरच्या सीलला हात लावू नका.

प्रश्न: एका ठेकेदाराबरोबर रविवारी जातो. जुन्या फ्लॅटमध्ये आम्ही आरसीसीबी बसवला. दिवा लावला की पडतो. ठेकेदार म्हणतात, माल खराब आहे. खरं काय असेल? (ठाणे)

माल खराब निघतो, पण क्वचित. तुमच्या वर्णनावरून न्यूट्रलची गडबड दिसते.

आरसीसीबी एकच गोष्ट बघतो: फेजने जेवढा करंट बाहेर गेला, तेवढाच न्यूट्रलने आपल्यातून परत आला का. ३० मिलिअँपिअरचं उपकरण १५ ते ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडतं. जुन्या फ्लॅटमध्ये सगळ्या न्यूट्रल एकाच पट्टीवर असतात. फेज आरसीसीबीतून नेली आणि एखाद्या लाइनची न्यूट्रल जुन्या पट्टीवरच राहिली, तर त्या लाइनचा सगळा करंट आरसीसीबीला ‘हरवलेला’ दिसतो. लोड नसताना तो शांत बसतो, दिवा लावताच पडतो. तुमच्याकडे हेच घडतंय.

इन्व्हर्टर असेल तर आधी तिकडे बघा. त्याची इनपुट आरसीसीबीच्या पुढून घेतलेली असते आणि त्यावरच्या दिव्यांची न्यूट्रल मात्र दुसऱ्या खोलीच्या पट्टीवर जाते. अशी जोडणी जुन्या घरांत नेहमी सापडते.

लक्षणावरून वेगळी कारणं ओळखता येतात. सगळे सिंगल पोल एमसीबी पाडलेले असतानाही आरसीसीबी उभा राहत नसेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला चिकटली आहे, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. बहुतेक वेळा मेटल बॉक्सच्या स्क्रूखाली न्यूट्रल चिरडलेली सापडते. ठरावीक उपकरण लावल्यावर पडत असेल, तर गीझरचं एलिमेंट, कूलरचा पंप किंवा वॉशिंग मशीन तपासा. फक्त पावसाळ्यात पडत असेल, तर गच्चीवरचा किंवा बाल्कनीतला दिवा उघडून बघा.

शोधायचं असं. मेन बंद. टेस्टर आधी चालू ठिकाणी तपासा, मग कामाच्या ठिकाणी, मग पुन्हा चालू ठिकाणी. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं तरच लाइन मेली म्हणा. सगळे प्लग काढा. आरसीसीबी पाडलेला ठेवून त्याच्या पुढची, म्हणजे घराकडे जाणारी न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटरने रोध बघा. जवळजवळ शून्य आला तर न्यूट्रल-अर्थ भिडले आहेत. तसं नसेल तर न्यूट्रल पट्टीवरून सगळ्या वायरी सोडवा आणि एकेक लाइन मेगरवर (मोठ्या व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) घ्या: ५०० व्होल्ट, फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थकडे. एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याआधी सोडवून ठेवा, नाहीतर ते जातील. एक मेगओहमच्या खाली आलेली लाइन खराब. नव्या चांगल्या वायरिंगला याच्या कितीतरी पट येतो. मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो, त्यामुळे ओल्या किंवा जुन्या इन्सुलेशनची गळती त्यात दिसत नाही. मग लाइन ओळखून प्रत्येकीची न्यूट्रल तिच्या स्वतःच्या आरसीसीबीच्या पट्टीवर आणा.

दोन गैरसमज आत्ताच काढून टाका. टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे त्याची यंत्रणा चालते एवढंच. घराचं अर्थिंग चांगलं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टपासून वाचवत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा हवाच. काहीही झालं तरी ‘सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबी बायपास करू नका, ठेकेदार सांगत असला तरी.

प्रश्न: मी दिवसभर ऑफिसात काम करते. बाईला तारतंत्रीचा परवाना मिळतो का? विश्वकर्मा योजनेतून टूलकिट मिळेल असं ऐकलं. (नाशिक)

परवान्याला स्त्री-पुरुष असा भेद नाही. मुलींसाठीच्या वेगळ्या शासकीय आयटीआयही आहेत. विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत, इलेक्ट्रिशियन नाही. कुणी त्यासाठी फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नका. हत्यारं स्वतःच घ्या: ८ इंची इन्सुलेटेड पक्कड, साइड कटर, स्ट्रिपर, दोन स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, मल्टिमीटर. क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) सहा महिन्यांनी घेतला तरी चालेल. पक्कड घेताना मूठ हातात धरून बघा. पुरुषी हातासाठीची मोठी मूठ तुमच्या हाताला लवकर दमवते.

प्रश्न: मला लाल-हिरव्यात फरक नीट कळत नाही. हा धंदा करावा का? (कोल्हापूर)

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या. लाल फेज आणि हिरवी अर्थ यांतच गोंधळ होणार असेल, तर ही अडचण छोटी नाही. रंगावर विसंबायचं तसंही नसतं, मोजूनच खात्री करायची असते. पण पाइपात एकत्र ओढलेल्या बारा वायरींत तुम्हाला दर वेळी दुप्पट वेळ लागेल. हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची अर्थ वापरलेली असेल तर ती पट्ट्यावरून ओळखता येते. एकट्याने काम करू नका. मोटर वाइंडिंग, उपकरण दुरुस्ती यांचाही विचार करा. रेल्वेसारख्या ठिकाणी रंगदृष्टीची वैद्यकीय अट असते.

प्रश्न: घरगुती वायरिंग सोडून थेट सोलरमध्ये शिरावं का? मागणी तिकडेच आहे. (जालना)

मागणी आहे, खरंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून गच्चीवरची कामं वाढली. पण अनुदानाचं काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच होतं, त्यामुळे सुरुवातीला तुम्ही त्याच्याकडचे कामगारच असाल. सूर्यमित्र हा केंद्राचा कोर्स ६०० तासांचा, निवासी आणि मुख्यतः आयटीआय झालेल्यांसाठी आहे. नोकरी धरून तो होत नाही.

वायरिंगचा पाया नसताना सोलरमध्ये शिरू नका, याचं कारण डीसी. ५५० वॅटचे सहा पॅनेल सिरीजमध्ये जोडले की ३.३ किलोवॅट होतात. प्रत्येकाचा उघडा दाब (लोड न जोडता मिळणारा) ५० व्होल्टच्या आसपास धरला तर टोकाला ३०० व्होल्ट डीसी उभे राहतात, आणि ऊन असेपर्यंत ते बंद करायला कुठलाच मेन स्विच नसतो. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू लोडवर एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा) ओढला की ज्वाळा ओढत येते आणि हात भाजतो. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करा, मग डीसी आयसोलेटर (डीसी बाजू तोडणारा स्विच), क्लॅम्प मीटरवर करंट शून्य बघा, आणि मगच कनेक्टर सोडा.

एमसी-फोर पकडीने दाबून बसवतात, तेही चुकीचं. त्याचं क्रिम्पिंग टूल वेगळं येतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसतात, ‘टक’ आवाजही येतो, पण आतला स्पर्श पक्का नसतो. उन्हाळ्यात तोच जॉइंट वितळतो. डीसी बाजूला एसीचा एमसीबी लावू नका. पॅनेल बसवताना कमरेला नव्हे, पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस घाला आणि दोर पॅरापेटला नाही, पक्क्या आधाराला बांधा.